गहू सोडला, तरी पोट बिघडतंच

सीलिएक आजारात गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५०च्या प्रबंधात गव्हाचा हा संबंध दाखवला. उपाय आजही तोच, ग्लुटेन पूर्ण बंद. पण वर्षभर पथ्य पाळूनही जुलाब, गॅस, पोटफुगी चालूच, अशी तक्रार इथे अमेरिकेत मी पुष्कळ ऐकते. मग काहीजण पथ्यच सोडतात, तर काहीजण डाळ, कांदा, दूध एकेक करत सगळंच बंद करतात आणि अशक्त होतात. दोन्ही चूक. आधी कारण शोधायचं.

पहिला प्रश्न, आजार नक्की सीलिएकच आहे ना? टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खात असतानाच करावे लागतात. स्वतःच्या मनाने गहू सोडून मग तपासणी केली तर ती खोटी निर्दोष येऊ शकते. अशा वेळी डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची तपासणी उपयोगी पडते. दोन्ही नसतील तर सीलिएक जवळजवळ नाहीच.

निदान पक्कं असेल तर सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे नकळत पोटात जाणारं ग्लुटेन. इथे आपलं मराठी स्वयंपाकघर बघायला हवं. डबीतल्या हिंगाच्या पुडीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मेतकुटात नि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतोच. गावाहून आणलेलं ज्वारी-नाचणीचं पीठ त्याच गिरणीत दळलेलं, जिथे आधी गहू दळला! रोश हाशानाचा हलवा गव्हाच्या चिकाचा असेल तर तोही चालणार नाही. घरी काढलेल्या चिकात ग्लुटेन राहतंच. कॉर्नफ्लॉवर किंवा चायना ग्रासचा करा. मलिद्याचे पोहे तांदळाचे, त्यामुळे मलिद्याची भीती नाही. पोळपाट-लाटणं, चाळणी, टोस्टर मात्र वेगळे हवेत. मांसाची आणि दुधाची भांडी निराळी ठेवायची सवय आपल्याला आहेच, त्यात ही आणखी एक भर.

"पेसाहसाठी कोशेर" म्हणजे ग्लुटेन-फ्री नव्हे, हे नीट लक्षात घ्या. मात्झा मुळात गव्हाची, आणि मात्झाचा चुरा कितीतरी पदार्थांत असतो. ग्लुटेन-फ्री ओट्सची मात्झा मिळते, ती बहुतेकांना चालते; थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. एफडीएच्या २०१३च्या नियमाप्रमाणे "ग्लुटेन-फ्री" लिहिलेल्या पदार्थात दहा लाख भागांत २०पेक्षा कमी भाग ग्लुटेन असावं लागतं. पाकिटावर गव्हाचं नाव देणं बंधनकारक आहे, जवाचं नाही. म्हणून "माल्ट" शब्द दिसला की पाकीट परत ठेवा. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो.

एवढं करूनही त्रास राहिला तर दुधाकडे बघा. इजा झालेल्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं द्रव्य कमी तयार होतं. दोन आठवडे दूध बंद करून बघा; आपल्या रश्श्यांत नारळाचं दूध असतं, तेव्हा फार अडत नाही. कांदा-लसणानेही काहींना पोट फुगतं. विकतच्या ग्लुटेन-फ्री पावात इन्युलिन घातलेलं असलं तर गॅस होतो, आणि नुसत्या भातावर राहिलं तर बद्धकोष्ठ.

पुढचं काम डॉक्टरांचं. लहान आतड्यात जंतू वाढलेले असू शकतात, स्वादुपिंडाचा रस कमी पडत असेल, किंवा मोठ्या आतड्याला सूक्ष्म सूज असेल. ही सूज दुर्बिणीला दिसत नाही, तुकडा तपासल्यावरच कळते. पथ्याला दादच न देणारा सीलिएक असतो, पण तो दुर्मीळ. मोठ्या माणसांत अस्तर भरून यायला दोन वर्षंही लागतात, आणि रक्ततपासणी चांगली आली म्हणजे आतडं बरं झालंच असं नाही.

डॉक्टरकडे जाताना आठवडाभराच्या खाण्याची वही, औषधांची यादी आणि जुना बायोप्सीचा रिपोर्ट न्या. वजन घटतंय, शौचातून रक्त जातंय, जुलाबाने रात्री झोपमोड होतेय किंवा हिमोग्लोबिन उतरलंय, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.