क्षयरोगशुश्रूषेतील संसर्गनियंत्रण

क्षयरोग्यांची तपासणी, उपचार व शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना रुग्णांपासून त्या रोगाचा संसर्ग होऊ नये म्हणून योजलेले उपाय. डॉक्टर व परिचारिका यांच्याबरोबर थुंकी तपासणारे तंत्रज्ञ, कक्षसेवक, सफाई कामगार आणि खेड्यांतील आरोग्यसेविका यांचाही येथे विचार करावा लागतो. किंबहुना धोका मोठा आणि संरक्षण तोकडे अशी स्थिती बहुधा या दुसऱ्या वर्गाचीच आढळते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचे जंतू शोधून काढल्यानंतर रुग्णालयांचे लक्ष दीर्घकाळ थुंकीच्या विल्हेवाटीवरच खिळून राहिले. परिचारिकांना या रोगाचे विशेष भय नाही, असेही मत प्रचलित होते. ऑस्लो येथील उल्लेव्हॉल रुग्णालयात योहानेस हाइंबेक यांनी १९२०–३० या दशकात शिकाऊ परिचारिकांची ट्युबरक्युलीन परीक्षा सुरू केली. प्रवेशाच्या वेळी सुमारे निम्म्या मुली असंसर्गित होत्या. शिक्षण संपेपर्यंत जवळजवळ सर्वच संसर्गित झालेल्या आढळल्या. संसर्गाचा मार्ग हवेचा आहे, हे पुढे बॉल्टिमोर येथे विल्यम वेल्स व रिचर्ड रायली यांच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. क्षयरोग्यांच्या कक्षातील हवा गिनीपिगांच्या कोठडीत सोडली असता त्यांना संसर्ग झाला. तीच हवा जंबुपार किरणांतून नेली असता झाला नाही. खोकल्यातून उडालेले थेंब सुकून उरणारे १ ते ५ मायक्रॉनांचे कण तासन्‌तास तरंगत राहतात. फरशी कितीही धुतली, तरी त्यांवर परिणाम होत नाही.

मद्रास येथे १९५६ पासून झालेल्या संशोधनाने घरी राहून घेतलेला औषधोपचार आरोग्यधामातील उपचाराइतकाच गुणकारी ठरविला. त्यामुळे आरोग्यधामांचे महत्त्व ओसरले आणि १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानंतर क्षयरोगी सामान्य बाह्यरुग्ण विभागात येऊ लागले. कर्मचाऱ्यांचा धोकाही त्यांच्याबरोबर तेथे आला. योग्य औषधे सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता लवकर घटते. म्हणून खरा धोका निदान न झालेल्या, रांगेत खोकत बसलेल्या रुग्णाचा असतो; तसाच तो औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचाही असतो. मुंबईतील शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात कर्मचाऱ्यांनाच हा रोग जडून काहींचे मृत्यू ओढवले, तेव्हा या प्रश्नाकडे लोकांचे लक्ष गेले. केंद्र शासनाने हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या नियंत्रणासाठी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोलीसारख्या ग्रामीण जिल्ह्यात (तालुके : हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ) खर्चिक यंत्रणेपेक्षा साधी शिस्त अधिक उपयोगी पडते. खोकणाऱ्यास रांगेतून वेगळे काढून आधी तपासणे, त्याच्या तोंडाला रुमाल किंवा मुखपट्टी बांधणे आणि थुंकीचा नमुना खोलीत न घेता उघड्यावर, इतरांपासून दूर घेणे, यांस फारसा खर्च येत नाही. खिडक्यांचे महत्त्वही थोडे नाही. पेरूमधील लिमा येथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांपेक्षा हवा अधिक वेळा पालटते, असे दिसून आले. मराठवाड्यातील उन्हाळ्यात मात्र झळा व धूळ टाळण्यासाठी खिडक्या लावून घेण्याकडेच कल असतो. बाहेरची हवा आत घेणारा कूलर हवा जाण्यास वाट ठेवल्यास अपायकारक ठरत नाही. आतलीच हवा फिरविणारे वातानुकूलन यंत्र ठरते.

मुखपट्टीविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. साधी शस्त्रक्रियेची पट्टी रुग्णाचे थेंब अडविते. कर्मचाऱ्यास मात्र सूक्ष्म कणांपासून पुरेसे संरक्षण देत नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारी एन-९५ पट्टी लागते. कडेने हवा शिरल्यास तीही निरुपयोगी होते. २०२० च्या कोविड साथीत या पट्ट्या सर्वत्र परिचित झाल्या. दिवसभर पट्टी लावून बोलणे त्रासाचे असते आणि रुग्णास आपली किळस केली जाते असे वाटेल, या संकोचाने ती अनेकदा गळ्यात उतरते. कर्मचाऱ्यास स्वतःला खोकला सुरू झाल्यास तो लपविण्यामागेही लोकापवादाचीच भीती असते आणि निदानास होणाऱ्या अशा विलंबाची झळ त्याच्या घरातील मुलांना प्रथम लागते.