भर समुद्रांतील हांक आणि ओ

बंदर सुटलें कीं पुढचें बंदर लागेपर्यंत जहाजावरील माणूस घरच्यांना असून नसल्यासारखा होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ही स्थिति अबाधित होती. वाफेच्या एंजिनानें प्रवासाचे महिने आठवड्यांवर आणले, समुद्राच्या तळाशीं घातलेल्या तारांनीं खंडें जोडलीं. तथापि भर समुद्रांतलें जहाज मात्र मुकेंच राहिलें. मुंबईहून विलायतेस निघालेल्या उतारूची खुशाली घरीं कळावयाची ती एडनला टाकलेल्या पत्रानें किंवा तेथून केलेल्या तारेनें. मधल्या दिवसांत घरीं कोणी दगावलें, तरी त्याला तें कळण्यास मार्ग नव्हता. आज जलविहारास निघालेलें कुटुंब खिशांतला मोबाईल काढून डेकवरूनच घरीं बोलतें. हा पालट कसा घडला हें पाहूं लागलें असतां एक गोष्ट प्रामुख्यानें नजरेस येते. हांक पोंचविणारें यंत्र मनुष्याला लवकर साधलें. पण ती ऐकण्यास पलीकडे कोणीतरी सदैव जागें असलें पाहिजे, हें शिकण्यास त्याला फार मोठें मोल द्यावें लागलें.

सन १८९९ च्या नोव्हेंबरांत मार्कोनी 'सेंट पॉल' नांवाच्या आगबोटीनें अमेरिकेहून इंग्लंडला परतत होता. वाइट बेटावरील आपल्या केंद्राकडून त्यानें बोअर युद्धाच्या बातम्या बिनतारी यंत्रानें बोटीवर घेतल्या आणि त्या एका लहानशा पत्रांत छापून उतारूंना विकल्या. पुढच्याच वर्षीं 'कैसर विल्हेल्म डेर ग्रोस' ह्या जर्मन बोटीवर व १९०१ सालीं 'लुकेनिया' ह्या इंग्रज बोटीवर हें यंत्र बसलें. ह्या यंत्राचा खर्च निघावयाचा तो धनिक उतारूंच्या खासगी संदेशांवर, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. 'टायटॅनिक'वर पहिल्या १० शब्दांस १२ शिलिंग ६ पेन्स पडत. व्यापारी बाजारभाव विचारीत, मेजवान्यांचे बेत ठरत, सुखरूप असल्याचे निरोप जात. सारांश, ज्या आकाशमार्गानें प्राणसंकटाची हांक जावयाची, त्याच मार्गानें हा सुखवस्तु गलबलाहि चाले.

नव्या विद्येचे दोन गुण लौकरच जगापुढें आले. १९०९ च्या जानेवारींत दाट धुक्यांत 'रिपब्लिक' बोटीवर 'फ्लॉरिडा' आदळली. 'रिपब्लिक'वरील तारमास्तर जॅक बिन्स ह्यानें धाडलेल्या हांकेला ओ देऊन 'बाल्टिक' धांवून आली व दीड हजारांवर माणसें वांचलीं. दुसरा गुण पुढच्या वर्षीं कळला. पत्नीच्या खुनाचा संशय असलेला डॉक्टर क्रिपेन वेषांतर करून 'माँट्रोज' बोटीनें कॅनडाकडे पळाला होता. कप्तानानें त्याला ओळखून बिनतारी संदेश पाठविला, इन्स्पेक्टर ड्यू दुसऱ्या वेगवान बोटीनें पुढें गेला आणि ३१ जुलै १९१० रोजीं क्रिपेन पकडला गेला. मराठींत 'सांपडणें' ह्या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. समुद्रावर ते दोन्ही एकाच यंत्रानें खरे करून दाखविले!

परंतु ह्या इतिहासाचें मर्म आहे तें १४ एप्रिल १९१२ च्या रात्रींत. 'टायटॅनिक'वरील यंत्र मध्यंतरीं बिघडून दुरुस्त झालें होतें, त्यामुळें उतारूंच्या संदेशांचा ढीग सांचला होता. जॅक फिलिप्स हा तारमास्तर ते न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राकडे पाठविण्यांत गढला होता. अकराच्या सुमारास जवळच्याच 'कॅलिफोर्नियन' बोटीनें, आपण बर्फानें वेढलों जाऊन थांबलों आहों, असें कळविण्यास सुरुवात केली. अंतर थोडें असल्यामुळें तो आवाज फिलिप्सच्या कानांत इतका मोठा घुमला कीं, मी कामांत आहें, गप्प राहा, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें. 'कॅलिफोर्नियन'वर तारमास्तर एकच. तो थोड्या वेळानें यंत्र बंद करून निजला. ११ वाजून ४० मिनिटांनीं हिमनगाचा आघात झाला. मध्यरात्रीनंतर संकटाची हांक आकाशांत घुमूं लागली, तेव्हां जवळच्या जहाजावर ती ऐकणारा कोणी जागा नव्हता. दूरवरच्या 'कार्पेथिया'वरील एकटा तारमास्तर हॅरोल्ड कॉटम निजण्याच्या बेतांत होता. त्यानें कान यंत्राला आणखी थोडा वेळ लावला म्हणून सुमारें सातशें माणसें वांचलीं. दीड हजारांच्या आसपास बुडालीं. फिलिप्सला दोष देऊन चालणार नाहीं. तो शेवटपर्यंत यंत्रापाशीं बसून हांका मारीत होता आणि त्याचाहि अंत त्याच रात्रीं झाला. दोष होता तो ऐकण्याचें काम एका थकलेल्या माणसाच्या झोंपेवर सोंपविणाऱ्या व्यवस्थेचा. त्याच वर्षीं अमेरिकेनें कायदा करून उतारूंच्या बोटींवर अहोरात्र पहारा सक्तीचा केला. १९१४ सालीं लंडनला भरलेल्या परिषदेंत ह्या तत्त्वास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

टकटकीची जागा पुढें मनुष्यवाणीनें घेतली. ८ डिसेंबर १९२९ रोजीं 'लेव्हायथन' ह्या अमेरिकन बोटीवरून उतारूंसाठीं दूरध्वनीची व्यापारी सोय सुरू झाली. अटलांटिकच्या मध्यावरून न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांत बोलणें शक्य झालें. ह्यानंतर अठरा वर्षांनीं आपल्याच किनाऱ्यावर काय घडलें? १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वादळी पावसांत काशाच्या खडकाजवळ उलटली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबईसारखें शहर इतकें जवळ असून, कांहीं माणसें पोहत किनाऱ्याला लागेपर्यंत त्याला या अनर्थाची वार्ताहि लागली नाहीं. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. अटलांटिकवरचा श्रीमंत उतारू तीन हजार मैलांवरून हांक मारूं शकत होता. रेवसच्या गरीब उतारूची हांक कांहीं मैलहि गेली नाहीं. अंतराहून तिकिटाचा वर्ग मोठा ठरला.

पुढील पालट कृत्रिम उपग्रहांनीं घडविला. जहाजांच्या संदेशांसाठीं 'इन्मारसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७९ सालीं स्थापन झाली व १९८२ पासून तिची सेवा सुरू झाली. १ फेब्रुवारी १९९९ पासून संकटसूचनेची नवी जागतिक व्यवस्था पूर्णपणें अंमलांत आली आणि मोर्सच्या टकटकीचें शतक संपलें. जलविहाराच्या बोटींवर आज मोबाईल चालतो, तो बहुधा बोटीवरच्याच लहानशा मनोऱ्याच्या आधारें. तेथून आवाज उपग्रहाकडे जातो. जुने उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्यामुळें ओ येण्यास क्षणभर उशीर लागे. १९२२ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२२ सालीं, रॉयल कॅरिबियन कंपनीनें सुमारें ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या 'स्टारलिंक' उपग्रहांची सेवा घेण्याचें जाहीर केलें. मात्र मोल अद्याप सुटलेलें नाहीं. किनारा मागें पडतांच फोन आपण होऊन बोटीच्या जाळ्यांत शिरतो. घरचा नेहमींचा दर तेथें लागत नाहीं, आणि बेसावध माणसाच्या हातीं परतल्यावर भलें मोठें बिल पडतें.

आतां प्रश्न यंत्राचा उरला नसून माणसांचा उरला आहे. कित्येकजण चार दिवस कोणाच्या हाताला लागूं नये म्हणूनच समुद्रावर जातात, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. पण घरीं वृद्ध आईबाप किंवा आजारी माणूस असेल, तर बोटीचें नांव, खोलीचा क्रमांक आणि फोन उघडण्याची ठरलेली वेळ एवढें लिहून ठेवून जावें. दिवसभर चालू असलेला व शेंकडों निरोपांनीं भरलेला फोन फिलिप्सच्या यंत्राहून फारसा वेगळा नसतो. महत्त्वाची हांक त्यांत येते आणि गलबल्यांत बुडून जाते. त्यापेक्षां दिवसांतून एकदांच, पण खात्रीनें उघडणारा फोन घरच्यांना अधिक धीर देतो.