गाडी बंद करणे : किल्ली, बटण आणि सवय

आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना हसू आलं. ते साहजिकच आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने मोटरसायकलचं इंजिन कसं बंद करावं यावर बोलायचं म्हणजे काय! पण आम्ही हा विषय मुद्दाम घेतला. गाडी सुरू कशी करावी हे आपल्याला कोणीतरी शिकवतं. बंद कशी करावी हे मात्र कोणी शिकवत नाही, ते आपोआप येतं असं आपण धरून चालतो.

घराघरांत एक वाद असतो. वडील म्हणतात, गाडी किल्लीनेच बंद करायची, त्या लाल बटणाने इंजिन खराब होतं. मुलगा म्हणतो, मग कंपनीने ते बटण दिलंय कशाला? दोघांच्या बोलण्याचा उगम इतिहासात आहे, म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

१८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याची दुचाकी केली. तिच्या इंजिनात विजेची ठिणगी नव्हतीच. बर्नरने तापवलेली एक छोटी नळी असायची, दाबलेलं मिश्रण त्या नळीत शिरलं की पेट घ्यायचं. पुढे १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी मोटरसायकली विकायला काढल्या, त्याही तापल्या नळीवरच चालत. आता विचार करा, अशी गाडी बंद करायची कशी? ठिणगीच नाही तर तोडणार काय? इंधन बंद करायचं किंवा बर्नर विझवायचा. म्हणजे आपण स्वयंपाकघरात स्टोव्ह बंद करतो, तसंच. ‘स्विच’ ही कल्पनाच तिथे नव्हती.

मग आला मॅग्नेटो. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग तयार केला. इंजिन फिरलं की चुंबक फिरतो आणि स्वतःची वीज स्वतःच तयार करतो, बॅटरी लागत नाही. इथे एक मोठी गंमत आहे, तिच्याकडे लक्ष द्या. बॅटरीवरचं इंजिन बंद करायचं तर तार तोडावी लागते. मॅग्नेटोवरचं इंजिन बंद करायचं तर तार जोडावी लागते! बटण दाबलं की मॅग्नेटोची वीज गाडीच्या सांगाड्यात, म्हणजे ‘अर्थ’मध्ये जाते, प्लगपर्यंत पोचतच नाही. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या स्कूटरींना बॅटरी नव्हती. हँडलवरचं बटण इंजिन पूर्ण थांबेपर्यंत दाबून धरायचं, हे इथल्या साठीपुढच्या मंडळींना आठवत असेल.

म्हणजे ‘बंद’ हा शब्द एक, क्रिया मात्र दोन आणि एकमेकींच्या उलट. याचा व्यवहारात परिणाम काय? बॅटरीच्या गाडीची तार तुटली तर गाडी बंद पडते. मॅग्नेटोच्या गाडीच्या त्या बटणाची तार तुटली तर गाडी बंदच होत नाही. एक चूक तुम्हाला रस्त्यात अडकवते, दुसरी चूक तुम्हाला थांबू देत नाही. कोणती बरी, हा प्रश्न आपण मनात ठेवू.

बुलेटकडे तिसरा मार्ग होता. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेट आपल्या रस्त्यांवर रुळली. तिच्या डाव्या मुठीखाली एक लहानशी दांडी असे, डीकॉम्प्रेसरची. ती ओढली की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उचलला जातो, सिलिंडरमधला दाब निघून जातो. किक मारणं सोपं व्हावं म्हणून ती दिलेली, पण मंद चालणारं इंजिन तिने थांबवताही येई. वीज, पेट्रोल आणि दाब, या तिन्हींपैकी काहीही एक काढून घेतलं की इंजिन थांबतं. तत्त्व एवढंच.

आता त्या लाल बटणाकडे येऊ. किल्ली ही मुळात मालकीची खूण आहे. गाडी माझी आहे, माझ्याशिवाय कोणी नेऊ नये, हा तिचा अर्थ. पण गाडी घसरून आडवी झाली, ॲक्सिलरेटर अडकला, मागचं चाक नि चेन फिरतेच आहे, अशा वेळी किल्ली शोधायला हात सोडावा लागतो. म्हणून अमेरिकेच्या संघराज्य सरकारने मोटरसायकलींच्या नियंत्रणांसाठी मानक केलं. १९७४ पासून तिथे उजव्या मुठीजवळ इंजिन थांबवण्याचा वेगळा स्विच सक्तीचा झाला. जगभर माल विकणाऱ्या कंपन्यांनी तो अंगवळणी पाडला आणि हळूहळू आपल्या गाड्यांवरही आला.

तेव्हा वडिलांचं आणि मुलाचं भांडण कशावर आहे? दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. किल्ली विचारते, प्रवास संपला का? बटण विचारतं, धोका आहे का? बटणाने इंजिन खराब होत नाही, तेही ठिणगी किंवा इंधनच तोडतं. मात्र बटणाने बंद करून किल्ली चालूच ठेवली तर दिवे, मीटर बॅटरी खात राहतात आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. वडिलांच्या सांगण्यात तथ्य आहे ते इतकंच.

आमचं मत विचाराल तर रोज आधी बटण, मग किल्ली. अमेरिकेतल्या मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनच्या शिकवणीतही बटणाने बंद करण्याची सवय लावायला सांगतात. कारण सरळ आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो की घरं बांधून बांधूनच माणूस गवंडी होतो, आणि गुणांचंही तसंच आहे. संकटात विचार करायला वेळ नसतो. हात काल जे करत होता तेच आजही करतो. वर्षभर न दाबलेलं बटण त्या क्षणी तुमच्या हाताला सापडणार नाही.

आता दोन चुकीच्या समजुती. पहिली, बंद करण्याआधी जोरात रेस द्यायची, म्हणजे सकाळी गाडी लवकर सुरू होते. हे बरोबर नाही. ठिणगी तुटल्यावरही इंजिन काही फेरे फिरतं आणि न जळलेलं पेट्रोल आत ओढतं. कार्बुरेटरच्या गाडीत ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, सायलेन्सरमध्ये जाऊन फटका देतं. गाडी थांबवा, न्यूट्रल करा, इंजिनला क्षणभर मंद चालू द्या आणि बंद करा. जुनी गाडी असेल तर पेट्रोलचा कॉकही फिरवा. कार्बुरेटरची सुई नीट बसली नाही, तर रात्रभर पेट्रोल झिरपत राहतं.

दुसरी समजूत अधिक गंभीर आहे. घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायची, पेट्रोल वाचतं म्हणून. वरंधा घाटात, आंबा घाटात आम्ही हे वर्षानुवर्षं बघत आलो. टू-स्ट्रोकच्या काळात त्याला एक कारण होतं. तिथे तेल पेट्रोलबरोबरच इंजिनात जातं. ॲक्सिलरेटर बंद ठेवून गिअरमध्ये लांब उतार उतरलं तर इंजिन वेगाने फिरतं, पण त्याला तेल पुरेसं मिळत नाही. म्हणून जाणकार क्लच दाबत किंवा मधूनमधून थोडी रेस देत. पुढे कारण विसरलं गेलं आणि सवय राहिली. इंजिन बंद केलं की त्याचा ब्रेक गेला. सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड सोडू लागतात. ज्या गाड्यांचा हेडलाइट थेट मॅग्नेटोवर चाले, त्यांचा तर दिवाही इंजिनाबरोबर विझायचा. रात्री, वळणावर! आणि एवढं करून आज वाचतं काय? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बुरेटर मागे पडून इंजेक्शन आलं. उतारावर गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की अशा बहुतेक गाड्या पेट्रोल स्वतःच तोडतात. म्हणजे बचतीसाठी ब्रेक गमवायचा आणि बचतही नाही.

मघाशी एक प्रश्न मनात ठेवायला सांगितला होता : रस्त्यात अडकवणारी चूक बरी की थांबू न देणारी? बटणाच्या इतिहासाने उत्तर दिलंय. आजच्या गाड्यांत तार तुटली तर इंजिन थांबतं, आडवी पडली तर अनेक गाड्या आपणच बंद होतात. यंत्र करणाऱ्यांनी थांबण्याच्या बाजूने कौल दिला. पण उतारावर धावत्या गाडीचं इंजिन आपल्या हाताने बंद करणाऱ्याला कोणतंही यंत्र वाचवत नाही.

तेव्हा घरी गेल्यावर मुलांना एवढं सांगा : गाडी आधी उभी करायची, मग बंद करायची. बटण, किल्ली, कॉक हे सगळं त्यानंतर.