खालच्या दोऱ्याचा इतिहास

शिवणयंत्राची गोष्ट निघाली म्हणजे सुईचे कौतुक होते. यंत्राच्या पोटात जो दुसरा दोरा असतो, त्याची आठवण बहुधा तो संपल्यावरच होते. यंत्रावर गोधडी शिवणाऱ्या गृहिणीस मात्र ही आठवण पदोपदी होते. गोधडीवर टिपांच्या ओळींमागून ओळी घालाव्या लागतात आणि वर जितका दोरा लागतो, जवळजवळ तितकाच खालीही लागतो. हा खालचा दोरा ज्या लहानशा चकरीवर गुंडाळतात ती बॉबिन, आणि ती भरण्याची यंत्राच्या उजव्या अंगास असलेली फिरकी, यांचा इतिहास मी आज सांगणार आहे.

हाताने शिवलेल्या गोधडीत एकच दोरा असतो. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक पसरून कडेपासून आत धावदोरा घालीत जावयाचे, ही आपली पूर्वापार रीत. यंत्राची टीप निराळी. तीत वरचा व खालचा असे दोन दोरे कापडाच्या थरांमध्ये परस्परांत अडकतात. म्हणजे शिवणीचे निम्मे बळ डोळ्यांस न दिसणाऱ्या दोऱ्याचे असते.

ही कल्पना आली ती विणकामाच्या मागावरून. अमेरिकेतील एलायस हाऊ याने तरुणपणी लोवेल येथे कापडगिरण्यांच्या यंत्रांवर उमेदवारी केली होती. १८४६ साली त्याने ज्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले, त्यात टोकाशी नेढे असलेली सुई व खालून धावणारा धोटा होता. आपल्या विणकरांच्या घरी धोट्यात बसवावयाची कांडी रहाटावर भरीत असत, आणि हे काम बहुधा घरातील स्त्रिया व मुले करीत. शिवणयंत्राची बॉबिन ही त्या कांडीची धाकटी बहीण होय. पुढे अ‍ॅलन विल्सन याने १८५२ च्या सुमारास धोट्याऐवजी फिरता आकडा व चपटी वाटोळी बॉबिन आणली. तथापि लांब, काडीसारख्या बॉबिनी पुढेही कित्येक वर्षे प्रचारात होत्या. त्या सारख्या भराव्यात म्हणून सिंगर कंपनीच्या काही यंत्रांत बदामाच्या आकाराचे एक चाक असे. ते दोऱ्यास आळीपाळीने डावीउजवीकडे नेई.

हिंदुस्थानात ही यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच आली. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद म्हणून मान्यता दिली. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून प्रेमापोटी हे यंत्र सिंगरने शोधले, अशी त्यांची समजूत होती. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी यंत्र बाजारात आणले.

आता आपल्या जवळच्या मुलुखाकडे वळू. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही गावे ओळीने लागतात. त्यांपैकी अंबरनाथ शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या शिवमंदिरामुळे प्राचीन. उल्हासनगर मात्र अगदी अलीकडचे. दुसऱ्या महायुद्धात तेथे सैन्याची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्यास नाव मिळाले.

घरदार मागे टाकून आलेल्या कुटुंबास जागा थोडी आणि भांडवल त्याहून थोडे. अशा स्थितीत शिवणयंत्राइतका सोयीचा सोबती दुसरा नव्हे. त्या काळी देशात ठिकठिकाणी निर्वासित स्त्रियांकरिता शिवणकामाचे वर्ग निघाले ते याच कारणाने. पुढे उल्हासनगर कापडाच्या बाजारपेठेकरिता व जीन्स शिवण्याकरिता देशभर प्रसिद्ध झाले. सिंधच्या खेड्यापाड्यांत तुकडे जोडून केलेल्या गोधडीस रल्ली म्हणतात. मिसळणे या अर्थाच्या सिंधी क्रियापदावरून हा शब्द आला, असे सांगतात. आपली गोधडी आणि त्यांची रल्ली यांची जात एकच: दोन्ही जीर्ण वस्त्रास दुसरा जन्म देतात.

नगावर मजुरी घेऊन शिवणारीस बॉबिन हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. वाकडी भरलेली बॉबिन अडखळते, खाली दोऱ्याचे जाळे होते, टीप उसवावी लागते. त्यात गेलेल्या वेळाची मजुरी कोणी देत नाही. म्हणून या फिरकीची निगा जाणत्या स्त्रिया मनापासून राखतात. बॉबिन भरताना हातचाकाच्या मध्याचा स्क्रू सैल करावा, म्हणजे सुई वृथा खालीवर होत नाही. जुन्या दोऱ्यावर नवा दोरा गुंडाळू नये. बॉबिन काठोकाठ भरू नये. दोरा एका बाजूस चढू लागला, तर त्यास ताण देणाऱ्या चकत्या किंचित सरकवून सरळ रेषेत आणाव्यात. फिरकीच्या दांड्यास तेलाचा एक थेंब पुरे. पण तिच्या रबरी कड्यास तेल लागता कामा नये, कारण तेलकट रबर चाकावर घसरते. कडे झिजून गुळगुळीत झाले म्हणजे ते बदलावे. त्यास खर्च फारसा येत नाही. दांड्यामागे अडकलेला दोरा व कापसाचे तंतू वेळोवेळी काढून टाकावेत.

पॉलिएस्टरचा दोरा तर विशेष सावकाश भरावा. वेगाने भरला की तो ताणला जातो, आणि शिवून झाल्यावर पूर्ववत आखडून गोधडीस चुण्या पाडतो. गोधडी शिवावयास बसण्यापूर्वीच चारपाच बॉबिनी भरून ठेवणे शहाणपणाचे, कारण मध्येच दोरा संपला तर इतक्या जाड थरांत टीप पुन्हा जुळविणे कठीण जाते.

हाताच्या गोधडीत प्रत्येक टाका वेगळा असतो व तो घालणारीची ओळख देतो. यंत्राने ती ओळख पुष्कळशी पुसली, हे खरे. पण हाताने जे काम उरकण्यास महिना लागे, ते थोड्या दिवसांवर आणून त्याने अनेक घरांची चूलही पेटती ठेवली. रहाटावर कांडी भरणाऱ्या मुलीचे नाव विणलेल्या कापडावर कधीच आले नाही. बॉबिन भरणारीचेही गोधडीवर येत नाही. तिच्या श्रमाची खूण एकच: गोधडीच्या थरांमध्ये वरच्या दोऱ्याशी गुंतून राहिलेला तो खालचा दोरा.