निष्क्रिय घटकांची सनद

अमेरिकेत १९१० साली कीटकनाशकांविषयी केंद्रीय कायदा झाला, तेव्हा कायदेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर खाणाऱ्याचे आरोग्य नव्हते, तर शेतकऱ्याची होणारी फसवणूक होती. पॅरिस ग्रीन आणि शिशाचे आर्सेनेट ही त्या काळची प्रचलित विषे. त्यांत भेसळ होऊ नये म्हणून, कीड न मारणारा जो जो जिन्नस डब्यात असेल त्याचे नाव व प्रमाण वेष्टनावर छापावे, असा दंडक घालण्यात आला. परंतु त्याच कलमात अशीही सवलत ठेवली गेली की, उत्पादकाने सक्रिय घटकांचा तपशील दिला तर निष्क्रिय घटकांचे केवळ एकूण प्रमाण सांगितलेले पुरे. ही सवलतच पुढे शिरस्ता झाली, आणि १९४७ च्या नव्या कायद्यातही ती टिकून राहिली.

या सवलतीचा अर्थ नीट समजण्यासाठी तिथल्या बाजारातील निंबतेलाच्या एखाद्या बाटलीचे वेष्टन वाचावे. सत्तर टक्के निंबतेलाचा अर्क, असे त्यावर स्पष्ट छापलेले असते. उरलेले तीस टक्के मात्र ‘इतर घटक’ या एका ओळीत सामावतात. तेल पाण्यात मिसळावे, पानावर पसरावे आणि चिकटून राहावे यासाठी लागणारे विद्रावक व पायसीकारक हेच ते घटक होत. पोटॅशियमचा साबण मावा मारण्यासाठी विकला तर तो सक्रिय गणला जातो, आणि दुसऱ्या औषधात केवळ पसरण्यासाठी मिसळला तर निष्क्रिय. म्हणजे हा भेद पदार्थाच्या निरुपद्रवीपणावर नव्हे, तर त्याला नेमून दिलेल्या कामावर ठरतो. आपल्याकडे निंबोळी अर्कात साबणाचा चुरा मिसळणाऱ्या शेतकऱ्यास आपण काय मिसळले हे ठाऊक असते. बाटली विकत घेणाऱ्यास ते ठाऊक नसते.

१९८७ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याने वापरातील सुमारे १,२०० निष्क्रिय घटकांची चार याद्यांत विभागणी केली. पहिलीत घातक, दुसरीत संशयित, चौथीत अल्प चिंतेचे, आणि ज्यांच्या विषारीपणाविषयी पुरेशी माहितीच नव्हती ते तिसरीत. आणि बहुतांश घटक या तिसऱ्या यादीतच पडले. १९९० मध्ये सेंद्रिय अन्नोत्पादनाचा कायदा झाला, आणि त्याखालील नियम २००२ पासून पूर्णपणे अमलात आले, तेव्हा कृषी खात्याने या याद्यांचाच आधार घेतला: सेंद्रिय शेतीस चौथ्या यादीतील घटक मान्य, तिसरीतील केवळ कामगंध सापळ्यांसारख्या साधनांपुरते.

पुढे मात्र विपरीत घडले. १९९६ च्या अन्नसुरक्षाविषयक कायद्यानुसार पर्यावरण खात्याने मूल्यमापनाची पद्धतच बदलली आणि २००४ नंतर या याद्यांची दुरुस्ती थांबवली; तरीही सेंद्रिय नियमांत त्यांचाच हवाला कायम राहिला. त्यामुळे नव्या व अधिक सुरक्षित घटकास आत येण्याची वाट बंद झाली, आणि जुन्यास केवळ जुन्या नोंदीच्या बळावर मुक्काम मिळाला. कृषी खात्यास सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाने पर्यायी व्यवस्थेच्या शिफारशी वारंवार केल्या. २०२२ साली कृषी खात्याने यासंबंधी लोकांची मते मागवली.

हा प्रश्न केवळ परक्या मुलखातील दप्तराचा आहे, असे मानणे आता परवडणारे नाही. भारतीय प्रमाणन व्यवस्थेस दिलेली मान्यता अमेरिकेने काढून घेतली आणि त्यासाठी दिलेली मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून तिकडे सेंद्रिय म्हणून माल पाठवू इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यासही थेट अमेरिकी नियमांनुसारच प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि त्याच्या फवारणीच्या नोंदवहीवर त्याच कालबाह्य यादीचा अंमल चालतो. औषधाचे संपूर्ण सूत्र तपासणी करणाऱ्या संस्थेस गोपनीयतेच्या अटीवर कळते, परंतु फवारणाऱ्यास व खाणाऱ्यास नाही. सेंद्रिय शेतीची सारी प्रतिष्ठा विश्वासावर उभी आहे. म्हणून १९१० ची ती सवलत निदान सेंद्रिय मालापुरती तरी रद्द करावी आणि प्रत्येक घटकाचे नाव वेष्टनावर छापावे, हाच न्याय होय.