शाळेच्या फाटकासमोर बंदुकीचं दुकान : कोणाला विचारायचं?

आजच्या भागाचा प्रश्न ऐकायला साधा आहे. शाळेच्या फाटकाजवळ कोणतं दुकान असावं, हे ठरवतं कोण?

पानठेल्यापासून सुरुवात करू. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत सिगारेट-तंबाखू विकायला बंदी आहे. हे अंतर शाळेच्या कुंपणापासून चहूबाजूंनी, वर्तुळासारखं मोजायचं. पुढचं दुकान दारूचं. विदेशी दारूच्या नियमांत शाळेपासून ७५ मीटर आहेत, आणि तिथं वर्तुळ चालत नाही. पायी जाणारा माणूस ज्या वाटेनं जातो ती वाट मोजायची. म्हणजे मधे भिंत असेल, वळसा पडत असेल, तर दुकान डोळ्यांसमोर असूनही ‘लांब’ ठरू शकतं. टेप घेऊन भांडणाऱ्या पालकांना हा फरक चांगलाच माहीत असतो.

आता तिसरं दुकान, बंदुकीचं. १९५९ चा शस्त्र कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचा. शाळेपासून किती अंतर, हा प्रश्न त्या कायद्यात येतच नाही.

माणूस दचकतो. तंबाखूला फूटपट्टी आहे, दारूला आहे, आणि बंदुकीला नाही? याचं कारण शोधत गेलो तर आपण थेट आपल्या वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला पोचतो. पण त्याआधी दारूच्या दुकानाची गोष्ट पुरी करू, कारण ‘हे दुकान इथं नको’ असं म्हणायचा हक्क लोकांनी तिथं मिळवलाय.

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको. अंमल १ एप्रिल २०१७ पासून. आता आपली शहरं आठवा. सुरत-कोलकाता महामार्ग, ज्याला सगळे अजून ‘सहा नंबर’ म्हणतात, तो अकोल्यावरून अमरावतीकडे जातो. रस्त्यावरची दुकानं बंद झाली, पण परवाने जिवंत होते. मग दुकानं हलली आणि वस्त्यांत शिरली. त्या उन्हाळ्यात राज्यभर, विदर्भातल्या शहरांतही, बायका रस्त्यावर उतरल्या. शाळा, देऊळ, शिकवणीचे वर्ग हेच मुद्दे. ‘लेकी कोणत्या रस्त्यानं जातीन?’ हा त्यातला खरा सवाल.

त्यांच्या हातात एक हत्यार होतं, आडवी बाटली. २००८ च्या सरकारी आदेशानं त्याची रीत घालून दिली. वॉर्डातल्या किंवा गावातल्या एकूण मतदारांपैकी, किंवा नुसत्या महिला मतदारांपैकी, पंचवीस टक्के लोकांनी सह्या करून मागणी केली की सह्या तपासायच्या आणि गुप्त मतदान घ्यायचं. चिन्हं दोन. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. गोम अशी की आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात; मतदानाला आलेल्यांच्या निम्मी पुरत नाहीत. जो घरी बसला त्याचं मत आपोआप दुकानदाराच्या पारड्यात. किती तरी ठिकाणी बायका तिथंच हरल्या. तरी मत होतं, पेटी होती, मोजणी होती.

बंदुकीच्या दुकानाला यातलं काही नाही. का नाही?

१८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हत्यार बाळगायला परवाना लागणार हे एक वेळ समजून घेता येतं. पण हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला सूट, ही त्यातली जखम होती. कापसाच्या गाठी विकत घ्यायला आलेला गोरा व्यापारी बिनधास्त बंदूक खांद्याला लावून फिरणार, आणि ज्याच्या वावरात रानडुकरं शिरतात त्या कास्तकारानं साहेबाच्या कचेरीत हात जोडायचे. काँग्रेसनं जन्मानंतर दोनच वर्षांत, १८८७ च्या मद्रास अधिवेशनात, या कायद्याविरुद्ध ठराव केला. १८९७ चं अधिवेशन आपल्या अमरावतीला भरलं. शंकरन नायर अध्यक्ष, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती आणि टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. त्या हवेत शस्त्रांबद्दल नुसतं बोलणं म्हणजेसुद्धा संशय ओढवून घेणं होतं.

अमरावतीनं वेगळा रस्ता काढला, हे मला नेहमी नोंदवावंसं वाटतं. १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या चमूनं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. तेव्हा पोरांच्या हाती हत्यार, ही कल्पना अमरावतीला परकी नाही. लाठी फिरवणाऱ्या पोरांकडे हे शहर कौतुकानंच बघत आलंय. ‘शाळा आणि शस्त्र’ म्हटल्याबरोबर घाबरायचं, हा आपला जुना स्वभाव नव्हे.

आता १९३०. जानेवारीच्या शेवटी गांधीजींनी ‘यंग इंडिया’त अकरा मागण्या छापल्या. सरकारनं एवढं मान्य केलं तर कायदेभंग थांबवू, असा देकार होता. त्यात पहिली मागणी संपूर्ण दारूबंदीची. चौथी मिठावरचा कर रद्द करण्याची. आणि शेवटची, अकरावी, अशी होती की लोकांना स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत, पण त्यावर लोकांचं नियंत्रण असावं.

अहिंसेचा पुजारी बंदुकीचे परवाने मागतोय याचं बहुतेकांना आश्चर्य वाटतं. मला त्याहून ते शेपूट महत्त्वाचं वाटतं : लोकांचं नियंत्रण. परवाना द्यायचा की नाही हे गोऱ्या साहेबानं ठरवायचं नाही, हे तर त्यात आलंच. पण ‘मोकळं सोडा, ज्याला हवी त्यानं घ्यावी’ असंही म्हटलेलं नाही. बंदूक कोणाच्या हाती जावी यात आसपासच्या समाजाचा शब्द चालावा, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतो.

त्या अकरांपैकी मिठाला वऱ्हाडनं उचललं. समुद्र इथून कुठं! पण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि पिकांनाही सोसत नाही. एप्रिल १९३० मध्ये वीर वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या मागं लोक दहीहंड्याला जमले आणि त्याच खाऱ्या पाण्यातून मीठ काढलं. ज्या पाण्याला एरवी शिव्या द्यायच्या त्यानं इंग्रजांचा कायदा मोडला, हा मोठा मजेदार भाग आहे. दारूच्या दुकानांवर निरोधनं झाली. पुढं १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदाही आला. मीठ आणि दारू या दोन्ही मागण्या लोकांनी अशा अंगावर घेतल्या. अकरावी मागणी मात्र कागदावरच राहिली. तिच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. काढणार तरी कसा? अहिंसक चळवळीत बंदुकीच्या परवान्यासाठी धरणं धरायचं, हे जरा अवघडच.

मार्च १९३१ च्या कराची ठरावात तिचं रूप बदललं. नियम आणि निर्बंध पाळून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क, असं मूलभूत हक्कांच्या यादीत लिहिलं गेलं. नियम आले, हक्क आला, आणि ‘लोकांचं नियंत्रण’ हे शब्द मधल्या मधे गळाले.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हा हक्क पुन्हा उभा राहिला, आणि मांडणारा सभासद आपल्याच प्रांतातून निवडून गेलेला होता. मध्यप्रांत-वऱ्हाडचे ह. वि. कामत. शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत घाला, अशी त्यांची दुरुस्ती. भाषा जवळपास कराचीचीच. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा : इंग्रजांनी देश निःशस्त्र केला म्हणून ती मागणी तेव्हा रास्त होती. पण आज हा मूलभूत हक्क केला तर चोर-दरोडेखोरही तो सांगतील, आणि कोणीही बाजारात जाऊन हवी ती हत्यारं बिनधोक विकत घ्यायला लागला तर राज्य चालेल कसं? दुरुस्ती फेटाळली गेली. आज कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आहे तो शांततेनं आणि ‘विनाशस्त्र’.

मला आंबेडकरांचा निर्णय पटतो, आणि त्यातला ‘बाजार’ फार पटतो. फक्त त्या दिवशी वाद नागरिक आणि राज्य या दोघांतच झाला. बाजारात दुकानाच्या शेजारी राहणारा तिसरा माणूस कोणालाच आठवला नाही. १९५९ चा कायदा त्याच साच्यातून निघाला. एका बाजूला अर्जदार, दुसऱ्या बाजूला परवाना देणारा अधिकारी, मधे जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल. बस.

या कायद्यात कास्तकार आहे बरं का! पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर अधिकाऱ्यानं परवाना द्यावा, असं कलम १३ सांगतं. पंचवीस-तीस रोही एका रात्रीत तुरीचं काय करतात हे ज्यानं सकाळी वावरात जाऊन पाहिलंय, त्याला त्या कलमाची किंमत कळेल. (बंदूक मिळाली म्हणून जनावर मारता येतं असं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी वेगळी लागते.) म्हणून जिल्ह्याच्या गावी बंदुकीचं दुकान असणं यात विपरीत काही नाही. गिऱ्हाईक कोण? कास्तकार, बँकेचा रखवालदार, निवृत्त फौजी. एकवीस वर्षांखालच्याला बंदूक विकता येत नाही, आणि विनापरवाना कोणालाच नाही. हिशेबानं पाहिलं तर शाळेच्या पोराला बंदुकीच्या दुकानापेक्षा खर्ऱ्याच्या पुडीचा धोका रोजचा आणि कितीतरी मोठा. दुकानदार हे बोलला तर त्याला खोटं म्हणता येणार नाही.

पण पालकही खोटे नाहीत. बंदुकीचं दुकान हे नुसतं दुकान नसतं, ते कोठार असतं. कलम २१ पाहा. परवान्याची मुदत संपली किंवा तो रद्द झाला, की बंदूक जमा करायची ती पोलीस ठाण्यात, नाही तर परवानाधारक विक्रेत्याकडे. विक्रीच्या मालासोबत लोकांच्या ठेवीतल्या बंदुका आणि काडतुसं एका छपराखाली. चोरी, आग, दंगल यातलं काही झालं तर भिंतीपलीकडे वर्गात कोण बसलंय हा प्रश्न भाबडा नाही. आणि कलम १८ ची गंमत अशी, की परवाना नाकारला, निलंबित केला, रद्द केला तर अपील आहे. परवाना दिला म्हणून ज्याची झोप उडाली त्याला त्या कलमात अपील नाही.

बाहेर काय चालतं? अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅक्लीन गावात २०१५ साली प्राथमिक शाळेच्या शेजारीच बंदुकांचं दुकान उघडलं. पालकांनी निदर्शनं केली, सह्या गोळा केल्या, दुकान उघडलंच. शाळेपासून १००० फुटांत बंदूक बाळगायला मनाई करणारा कायदा त्यांच्याकडे १९९० पासून. १९९५ मध्ये न्यायालयानं तो उडवला, पुढच्याच वर्षी संसदेनं सुधारून परत आणला. पण ती मनाई बाळगण्यावर आहे, दुकानावर नाही. तिथं बंदूक घटनेतला हक्क आहे म्हणून शेजारी हतबल. इथं तो हक्क नाही, सगळं अधिकाऱ्याच्या हाती आहे, आणि तरीही शेजाऱ्याला विचारणारं कोणी नाही. दोन उलट वाटांनी माणसं एकाच भिंतीशी येऊन थांबली.

मग उद्या तुमच्या शाळेजवळ असा फलक लागणार असं कळलं तर काय करायचं? फलक लागायच्या आधी हालचाल करा, कारण कायद्यातली फट तेवढीच आहे. कलम १३ प्रमाणे ठाण्याचा अहवाल मागवला जातो, आणि कलम १४ प्रमाणे सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षिततेसाठी परवाना नाकारता येतो. तुमचं म्हणणं त्या अहवालात शिरलं पाहिजे. शाळेचं व्यवस्थापन, पालक, आजूबाजूचे दुकानदार यांनी लेखी, तारीख घालून, पोच घेऊन द्यावं. अकोल्यात ते जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात जाईल. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आहे, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्र कायद्यापुरते जिल्हा दंडाधिकारी म्हणजे आयुक्तच, तेव्हा अर्ज तिकडे. एकदा परवाना हातात पडला की उरतं ते उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, आणि तिथं वकील लागतो, पैसा लागतो, वेळ लागतो.

अकरावी मागणी या जानेवारीतसुद्धा तशीच पडून आहे. पुढच्या भागात पुसदला जाऊ, जुलै १९३० मध्ये, बापूजी अण्यांसोबत गवत कापायला. येताना विळा आणा.