‘थिओटोकोस’: एका शब्दाचा वाद
इ. स. ४२८ मध्ये नेस्टोरियस कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. मरियेला ‘थिओटोकोस’, म्हणजे ‘देवाला जन्म देणारी’, म्हणण्यास त्याने हरकत घेतली. जन्म-मृत्यू माणसाला असतात, देवाला ते कसे लावावेत, असे त्याचे म्हणणे. त्याने ‘ख्रिस्तोटोकोस’ हा शब्द सुचवला. अलेक्झांड्रियाच्या सिरिलचा प्रतिप्रश्न असा: क्रुसावर मेलेला स्वतः देवपुत्र नसेल, तर माणसाचे तारण झाले कसे?

लक्षात घ्या, वाद मरियेच्या पदवीवरून पेटला, पण पणाला लागले होते ते तारण.

एफेससच्या परिषदेने (४३१) नेस्टोरियसला पदच्युत केले. कॅल्सेडॉनच्या परिषदेने (४५१) सूत्र मांडले: ख्रिस्त एकच व्यक्ती, पण देवत्व आणि मनुष्यत्व ही त्याची दोन स्वरूपे, ती एकमेकांत मिसळत नाहीत, वेगळीही होत नाहीत. इजिप्त आणि सिरियातील अनेकांना यात नेस्टोरियसचाच विजय दिसला. फूट कायम राहिली.

तिच्या खुणा भारतातही आहेत. केरळमधील मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्च कॅल्सेडॉनची परिषद मानत नाही. त्रिशूरचे कॅल्डियन सिरियन चर्च पूर्वेकडील चर्चच्या परंपरेतले. ती परंपरा एफेससची परिषद स्वीकारत नाही. म्हणून परिषदांचे ठराव वाचताना प्रत्येक पक्ष काय जपू पाहत होता, हे आधी विचारा.